ताठरतेच्या अडचणीवरील उपचार : नाशिक परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून गेली काही वर्षे जे प्रश्न माझ्याकडे पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बहुतेक प्रश्न निनावी असतात आणि त्यांतील कितीतरी ‘हे घरात कोणाला सांगता येत नाही’ या वाक्यानेच सुरू होतात. विचारणाऱ्याची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. प्रश्नांची भाषा मात्र शक्यतो तशीच ठेवली आहे. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात असेल तेथे त्याचा क्रमांक दिला आहे. हे वाचून कोणीही स्वतःहून औषध सुरू किंवा बंद करू नये, ही विनंती.

१. ताठरता न येणे हा आजार कधी समजायचा? एखाद्या वेळी असे झाले तरी उपचार घ्यावेत का?

संबंधासाठी पुरेशी ताठरता येत नाही, किंवा येऊनही टिकत नाही, आणि असे तीन ते सहा महिने बहुतेक वेळा घडते, तेव्हा वैद्यकशास्त्र त्याला आजार म्हणते. थकवा, जागरण, मद्य किंवा घरातील वादानंतर एखाद्या रात्री असे होणे कोणत्याही पुरुषाच्या बाबतीत संभवते आणि त्याला उपचार लागत नाहीत. मात्र अपघात, ओटीपोटावरील शस्त्रक्रिया किंवा नवे औषध सुरू झाल्यानंतर ही अडचण आली असेल, तर महिने मोजत न बसता लगेच डॉक्टरांना भेटावे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ४० ते ७० वर्षे वयाच्या पुरुषांची एक मोठी पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ५२ टक्के पुरुषांना कमी-अधिक प्रमाणात ही अडचण असल्याचे दिसले. हा आकडा मी मुद्दाम सांगतो, कारण लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ‘हे माझ्या एकट्याच्याच वाट्याला आले आहे’ असे वाटत असते.

२. म्हणजे मी नपुंसक झालो का? मला मूल होणार नाही का?

नाही. ताठरता आणि प्रजननक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताठरता येत नसलेल्या पुरुषाचे शुक्रजंतू पूर्णपणे निरोगी असू शकतात, आणि ताठरता उत्तम असलेल्या पुरुषाच्या वीर्यात शुक्रजंतू नसूही शकतात. ‘नपुंसक’ हा शब्द आजाराऐवजी माणसालाच नाव ठेवतो, म्हणून तो वापरू नये असे मला मनापासून वाटते. इंग्रजीतही हाच विचार झाला : १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीने ‘इम्पोटन्स’ या शब्दाऐवजी ‘इरेक्टाइल डिस्फंक्शन’ असा शब्द वापरावा, असे सुचवले. मूल हवे असण्याविषयी प्रश्न २० पहा.

३. ताठरता येते कशी आणि बिघाड नेमका कुठे होतो?

शिश्नाच्या आत स्पंजासारख्या ऊतीचे दोन लांबट कोष असतात. मनातील इच्छेमुळे किंवा स्पर्शामुळे मज्जातंतूंना संदेश मिळाला की तेथे नायट्रिक ऑक्साइड तयार होते, त्यातून सायक्लिक जीएमपी नावाचे रसायन वाढते आणि कोषांतील स्नायू सैलावतात. रक्त वेगाने आत भरते, आणि फुगलेल्या कोषांच्या दाबाने रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जाऊन ते आतच अडकून राहते. काम झाल्यावर पीडीई-५ नावाचे एंझाइम त्या रसायनाचे विघटन करते आणि ताठरता ओसरते. रक्तवाहिन्यांतील नायट्रिक ऑक्साइडच्या कार्याचा शोध लावणाऱ्या फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद या शास्त्रज्ञांना १९९८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. योगायोगाने त्याच वर्षी मार्चमध्ये सिल्डेनाफिल या पहिल्या गोळीला अमेरिकेत परवानगी मिळाली.

या साखळीची कोणतीही कडी निकामी होऊ शकते. मनातील भीती, मज्जातंतूंची इजा, आखडलेल्या किंवा मेद साचलेल्या रक्तवाहिन्या, रक्त धरून न ठेवणाऱ्या शिरा, घटलेले हार्मोन आणि काही औषधे ही या बिघाडाची प्रमुख कारणे आहेत. चाळिशीनंतर बहुधा एकाहून अधिक कारणे एकत्र आलेली असतात. कोणती कडी बिघडली आहे यावर उपचार ठरतो; शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्याला लागू पडेलच असे नाही, ते यामुळेच.

४. लहानपणापासून हस्तमैथुनाची सवय होती आणि लघवीतून धातू (वीर्य) जातो. त्यामुळे ताकद गेली असेल का?

हस्तमैथुनामुळे लिंग वाकडे, बारीक किंवा दुर्बल होत नाही आणि ताठरतेच्या शिरा ‘मरत’ नाहीत. लघवीला किंवा शौचाला जोर देताना चिकट स्राव दिसणे हे बहुतेक वेळा ग्रंथींच्या नेहमीच्या स्रावामुळे असते. वीर्य गेले म्हणजे शक्ती गेली या भीतीतून थकवा, उदासी आणि ताठरतेची अडचण निर्माण होते. या स्थितीला मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. हा त्रास खरा आहे, म्हणून अशा तरुणाला हसून वाटेला लावू नये. लघवीची एक साधी तपासणी करावी, शरीररचना समजावून सांगावी आणि उदासी असेल तर तिच्यावर उपचार करावेत. आग होणे, पू येणे किंवा जखम असणे ही मात्र संसर्गाची लक्षणे आहेत आणि त्यांवर लगेच औषध घ्यावे लागते.

५. पहाटे ताठरता चांगली येते, पण पत्नीजवळ गेल्यावर येत नाही. हे मानसिक आहे का?

पहाटेची किंवा एकांतातील ताठरता भक्कम असेल, तर रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बऱ्यापैकी शाबूत आहेत असे मानायला आधार मिळतो. अशा वेळी बहुधा ‘या वेळी जमेल ना’ ही धास्तीच आड येते. भीतीने शरीरात अॅड्रेनलिन वाढते, ते रक्तवाहिन्या आखडवते, ताठरता जाते आणि पुढच्या वेळची धास्ती दुप्पट होते.

यावर लैंगिक समुपदेशन हा मुख्य उपचार आहे. मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधकांनी रूढ केलेल्या पद्धतीत दोघांनी काही आठवडे संबंधाचा प्रयत्न ठरवून टाळायचा असतो आणि केवळ स्पर्श व जवळीक यांपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने पुढे जायचे असते. प्रयत्नच नसल्यामुळे अपयशाची धास्ती उरत नाही. ‘मनाचा प्रश्न आहे, मन खंबीर करा’ एवढा सल्ला देऊन परत पाठवणे हा उपचार नव्हे. समुपदेशनासोबत काही आठवडे कमी मात्रेत गोळी दिली तर आत्मविश्वास लवकर परततो.

६. नाशिकमध्ये कोणत्या डॉक्टरांकडे जावे? बोलायलाच लाज वाटते.

सुरुवात कुटुंबाच्या डॉक्टरांपासून करता येते, कारण तुमचा मधुमेह, रक्तदाब आणि चालू औषधे त्यांना ठाऊक असतात. पुढे मूत्ररोगतज्ज्ञ, म्हणजे युरोलॉजिस्ट, हे या विषयाचे तज्ज्ञ. त्यांपैकी काही जण पुरुषांच्या लैंगिक आरोग्याचे, म्हणजे अँड्रोलॉजीचे, विशेष काम करतात. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा शासकीय रुग्णालयात प्राथमिक तपासणी करून घ्यावी आणि तज्ज्ञांकडे पाठवण्याविषयी तेथेच विचारावे. ‘गुप्तरोग’ असा फलक लावलेल्या ठिकाणी जाण्याआधी डॉक्टरांची पदवी आणि वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला आहे का, हे पाहावे.

लाजेविषयी एक साधा उपाय सांगतो. स्वागतकक्षात ‘युरोलॉजीचा सल्ला हवा आहे’ एवढेच सांगावे, आणि आत गेल्यावर बसताक्षणी पहिलेच वाक्य ‘मला ताठरतेची अडचण आहे’ असे उच्चारावे. पाठदुखी आणि अॅसिडिटी सांगण्यात दहा मिनिटे गेली की मूळ गोष्ट उंबऱ्याबाहेर पाय टाकताना निघते, आणि तोवर पुढचा रुग्ण आत आलेला असतो.

७. कोणकोणत्या तपासण्या कराव्या लागतात? मला पहिल्याच दिवशी डॉप्लर सांगितला आहे.

सर्वांत महत्त्वाची तपासणी म्हणजे नीट घेतलेली माहिती. त्यासाठी पाच प्रश्नांची एक प्रमाणित प्रश्नावली आहे. तिचे एकूण गुण २५ असतात आणि २१ किंवा त्याहून कमी गुण आले तर अडचण आहे असे धरतात. त्यानंतर रक्तदाब आणि कमरेचा घेर मोजणे, शिश्न व वृषणांची तपासणी, उपाशीपोटी साखर किंवा एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखर), कोलेस्टेरॉल आणि सकाळी अकराच्या आत घेतलेल्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन (पुरुषांचे लैंगिक हार्मोन) एवढे बहुतेकांना पुरते. गरजेनुसार प्रोलॅक्टिन आणि थायरॉइड ही हार्मोनेही तपासतात.

डॉप्लर तपासणीत शिश्नात इंजेक्शन देऊन कृत्रिम ताठरता आणतात आणि सोनोग्राफीने रक्तप्रवाह मोजतात. तरुणाला अपघातानंतर अडचण आली असेल, गोळ्यांचा योग्य प्रयत्न फसला असेल किंवा शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल, तर ती उपयोगी ठरते. इतरांना ती पहिल्या दिवशी लागत नाही आणि ‘ही कशासाठी हवी आहे?’ असे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तपासणीच्या खोलीतील घबराटीनेही तिचे निकाल खोटे कमी येऊ शकतात. तपासणीनंतर ताठरता उतरल्याची खात्री करूनच घरी जावे (प्रश्न २२ पहा).

८. मित्र म्हणतो, ही अडचण म्हणजे हार्ट अटॅकची सूचना असते. खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. शिश्नाकडे जाणाऱ्या धमन्यांचा व्यास एक ते दोन मिलिमीटर असतो, तर हृदयाच्या धमन्यांचा तीन ते चार मिलिमीटर. मेद साचून अस्तर बिघडण्याचा आजार सगळ्या शरीरात एकाच वेळी चालू असतो, पण अरुंद नळी आधी तुंबते. त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या बिघाडातून आलेली ताठरतेची अडचण हृदयविकाराच्या लक्षणांच्या साधारण दोन ते पाच वर्षे आधी दिसू शकते. चाळिशी-पन्नाशीतील, तंबाखू खाणाऱ्या, पोट सुटलेल्या, साखर आणि रक्तदाब कधीच न तपासलेल्या पुरुषाने केवळ गोळी मागून घेतली आणि हृदयाची तपासणी टाळली, तर शरीराने वेळेवर दिलेला इशारा वाया जातो. मला या संपूर्ण विषयात सर्वांत कळकळीने सांगावेसे वाटते ते हेच.

हृदयरोग आधीपासून असेल, तर संबंध ठेवण्याचा श्रम झेपेल का, हेही पाहावे लागते. दोन जिने भराभर चढताना छातीत दुखत नसेल आणि धाप लागत नसेल, तर सहसा तो श्रम झेपतो. पांडवलेणीच्या पायऱ्यांवर मध्येच छाती दाबून बसावे लागत असेल, तर ताठरतेच्या उपचाराआधी हृदयरोगतज्ज्ञांकडे जावे.

९. गोळीशिवाय काही करता येते का? मी सातपूरला शिफ्टमध्ये काम करतो, व्यायामाला वेळ मिळत नाही.

करता येते, आणि गोळी घेणाऱ्यांनीही ते करावे, कारण त्याने गोळीचा परिणामही सुधारतो. आठवड्यातून चार दिवस, प्रत्येकी ४० मिनिटे, घाम येईल असा व्यायाम सहा महिने केल्यास ताठरता सुधारते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे. गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर झपाझप चालणे यासाठी पुरेसे आहे. रमतगमत मारलेली फेरी पुरेशी नाही. रात्रपाळी असेल तर दिवसाची झोप पूर्ण झाल्यावर, कामावर जाण्याआधीची वेळ धरावी. सतत अपुरी झोप टेस्टोस्टेरॉन घटवते, म्हणून झोप मोडून व्यायाम करू नये. मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास अडखळणे असेल, तर त्याची तपासणी करून घ्यावी.

सिगारेट, विडी, गुटखा आणि मशेरी यांतील निकोटिन रक्तवाहिन्या आखडवते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, तरी माझ्याकडे येणाऱ्या तरुणांच्या खिशात पुडी असतेच. मद्याचा एखादा पेला भीड घालवतो, तिसरा-चौथा ताठरता घालवतो. द्राक्षांच्या या जिल्ह्यात वाइन औषधी असते असे सांगणारे पुष्कळ भेटतात. या आजारावर तिचा उपचार म्हणून उपयोग नाही.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम फारसा कोणी सांगत नाही, म्हणून येथे सांगतो. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो, ते पाच ते दहा सेकंद आवळून सोडायचे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. एका ब्रिटिश अभ्यासात सहा महिन्यांनंतर सुमारे ४० टक्के पुरुषांची ताठरता पूर्ववत झाली होती. योग्य स्नायू ओळखण्यासाठी फिजिओथेरपिस्टची एक-दोन सत्रे घ्यावीत, कारण बरेच जण पोट किंवा मांड्याच आवळत राहतात.

१०. सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल यांत फरक काय? मला कोणती योग्य?

दोन्ही पीडीई-५ या एंझाइमला रोखून (प्रश्न ३ पहा) एकाच प्रकारे काम करतात. फरक वेळेचा आहे. सिल्डेनाफिल संबंधाच्या सुमारे एक तास आधी, शक्यतो रिकाम्या पोटी घ्यावी लागते आणि तिचा परिणाम चार-पाच तास राहतो. ती २५, ५० आणि १०० मिलिग्रॅममध्ये मिळते आणि सुरुवात सहसा ५० ने होते. पासष्टीच्या पुढे किंवा यकृत-मूत्रपिंडाचा आजार असल्यास २५ ने. टाडालाफिल १० किंवा २० मिलिग्रॅम गरजेनुसार घेतात. तिचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहू शकतो आणि जेवणाने तिच्यात फरक पडत नाही. तीच ५ मिलिग्रॅम रोज घेण्याचीही पद्धत आहे. घड्याळ पाहून संबंध ठेवणे ज्यांना नकोसे वाटते, किंवा ज्यांना प्रोस्टेटमुळे लघवीचाही त्रास आहे, त्यांना ती सोयीची पडते. ३६ तास परिणाम म्हणजे ३६ तास ताठरता नव्हे. इच्छा आणि स्पर्श असेल तेव्हाच ती येते.

डोकेदुखी, चेहरा लाल व गरम होणे, नाक चोंदणे आणि जळजळ हे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. सिल्डेनाफिलने काही वेळ निळसर दिसू शकते, टाडालाफिलने पाठ आणि मांड्या दुखू शकतात. एका डोळ्याची दृष्टी अचानक गेली किंवा ऐकू येणे अचानक कमी झाले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हे अत्यंत क्वचित घडते. या गोळ्यांची शारीरिक सवय लागत नाही.

११. गोळी घेऊन पाहिली, काहीच झाले नाही. आता पुढे काय?

‘काहीच झाले नाही’ असे सांगणाऱ्यांपैकी पुष्कळांची गोळी घेण्याची पद्धत चुकलेली असते. लग्नाच्या जेवणानंतर, पोट तुडुंब असताना घेतलेली सिल्डेनाफिल उशिरा आणि कमी काम करते. गोळी घेऊन टीव्ही पाहत ‘आता येईल’ म्हणून थांबलेल्यालाही ती निराश करते, कारण उत्तेजनाशिवाय साखळीतील पहिली कडीच सुरू होत नाही (प्रश्न ३ पहा). एकदा घेऊन सोडून देणे ही तिसरी चूक. डॉक्टरांनी ठरवलेल्या पुरेशा मात्रेत, वेगवेगळ्या दिवशी, किमान सहा ते आठ प्रयत्न झाल्याशिवाय गोळी निकामी ठरवू नये. एक औषध लागू पडले नाही तर त्याच गटातील दुसरे देऊन पाहता येते, पण दोन गोळ्या एकत्र घेऊ नयेत. टेस्टोस्टेरॉन कमी असल्यास ते भरून काढल्यावर गोळी काम करू लागल्याची उदाहरणे आहेत. हे सर्व करूनही उपयोग झाला नाही, तर प्रश्न १५ ते १७ पहा.

१२. ही गोळी कोणी अजिबात घेऊ नये? माझ्या खिशात सॉर्बिट्रेट असते.

तुम्ही घेऊ नये. सॉर्बिट्रेट (छातीच्या दुखण्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेट गटातील गोळी), जिभेखाली मारायचा नायट्रोग्लिसरीनचा फवारा, मोनोनायट्रेटच्या गोळ्या आणि निकोरँडिल या हृदयाच्या सर्व औषधांसोबत ताठरतेच्या गोळ्या घेतल्यास रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो. फुप्फुसांच्या रक्तदाबावरील रिओसिग्वॅट घेणाऱ्यांनाही ती वर्ज्य आहेत. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेला असेल, छातीतील दुखणे स्थिर नसेल किंवा रक्तदाब आधीच फार कमी असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीशिवाय गोळीला हात लावू नये.

याची उलट बाजू अधिक महत्त्वाची आहे. गोळी घेतलेल्या रात्री छातीत दुखू लागले, तर घरातील सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवू नये. तत्काळ रुग्णालयात जावे आणि तेथे ‘मी अमुक वाजता ही गोळी घेतली आहे’ हे स्पष्ट सांगावे. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास डॉक्टर नायट्रेट टाळतात. लाजेपोटी ही माहिती लपवण्याचा परिणाम जिवावर बेतू शकतो. पत्नीला गोळीविषयी ठाऊक असावे असा आग्रह मी धरतो, तो यासाठीच.

प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन किंवा रक्तदाबासाठीची प्राझोसिन चालू असेल, तर गोळी वर्ज्य नसते, पण चक्कर येऊ नये म्हणून कमी मात्रेने सुरुवात करतात.

१३. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळी मिळते. घेतली तर काय बिघडेल?

कायद्याने ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची असतात. मिळते म्हणून घेतली, तर प्रश्न ८ मधील इशारा आणि प्रश्न १२ मधील धोका, दोन्ही तपासायला कोणी नसते. पानटपरीवर सुटी मिळणारी गोळी तर कधीच घेऊ नये. तिच्यात काय आणि किती आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

१४. आयुर्वेदात यावर उपचार आहेत ना? शिलाजीत, अश्वगंधा, सफेद मुसळी यांचा उपयोग होतो का?

आयुर्वेदाच्या आठ अंगांत वाजीकरण हे एक स्वतंत्र अंग आहे, म्हणजे या विषयाचा विचार आपल्याकडे फार जुना आणि गंभीर आहे. अश्वगंधेने ताण आणि झोप यांत काही जणांना फरक पडतो, असे लहान अभ्यासांत दिसले आहे. परंतु मधुमेहाने किंवा तंबाखूने बिघडलेल्या रक्तवाहिन्यांवर या वनस्पतींचा गोळ्यांइतका भरवशाचा परिणाम सिद्ध झालेला नाही. उपचार घ्यायचाच असेल तर नोंदणीकृत वैद्यांकडून, नाडीसोबत साखर आणि रक्तदाबही पाहणाऱ्यांकडून घ्यावा, आणि चालू असलेली आधुनिक औषधे त्यांना सांगावीत. भस्मे असलेली औषधे स्वतःच्या मनाने महिनोन्महिने घेऊ नयेत.

महामार्गाकडेच्या तंबूत किंवा जाहिरातीतून विकल्या जाणाऱ्या ‘शक्तिवर्धक’ पुड्या वेगळ्याच. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा उत्पादनांत सिल्डेनाफिलची भेसळ जगभरातील औषध नियंत्रकांना वारंवार आढळली आहे. पुडीने ‘चमत्कार’ होतो तो बहुधा यामुळेच, आणि सॉर्बिट्रेट घेणाऱ्या माणसाला तीच पुडी घातक ठरू शकते. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. जाहिरात हीच कायदा मोडून केलेली असेल, तर आतल्या मालाची हमी कोण देणार?

१५. बारा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या लागू पडत नाहीत. शस्त्रक्रियेशिवाय काय उरते?

मधुमेहाने रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्ही बिघडतात, म्हणून गोळीला प्रतिसाद कमी मिळतो. ही तुमची चूक नाही. साखर आटोक्यात आणल्याने पुढचे नुकसान थांबते, झालेले सगळे भरून येईलच असे नाही. दोन मार्ग उरतात.

पहिला म्हणजे व्हॅक्युम पंप. प्लॅस्टिकच्या नळीतील हवा काढून शिश्नात रक्त ओढले जाते आणि मुळाशी रबरी कडे बसवून ते धरून ठेवतात. कडे ३० मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये. शिश्न थोडे थंड व निळसर दिसते आणि वीर्य बाहेर येताना अडखळते, हे आधी माहीत असले तर दोघेही दचकत नाहीत. औषध पोटात जात नसल्यामुळे सॉर्बिट्रेट घेणाऱ्यांनाही हा मार्ग मोकळा आहे. रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील तर मात्र डॉक्टरांना विचारावे.

दुसरा मार्ग शिश्नात इंजेक्शन घेण्याचा. पापाव्हेरीन, फेन्टोलामीन, अल्प्रोस्टाडिल ही औषधे एकटी किंवा मिश्रणात वापरतात. सुई इन्शुलिनच्या सुईसारखी बारीक असते आणि ती शिश्नाच्या बाजूला, घड्याळातील दहा किंवा दोनच्या जागी टोचतात. पाच ते पंधरा मिनिटांत ताठरता येते, आणि मज्जातंतू निकामी असले तरी येते. ‘तिथे सुई?’ हा विचारच नकोसा वाटतो, हे मी समजतो. पण रोज पोटात इन्शुलिन टोचणारे रुग्ण ही सुई त्याहून सोपी असल्याचे सांगतात. पहिली मात्रा डॉक्टरांसमोरच घ्यावी, आठवड्यातून तीनदापेक्षा जास्त आणि २४ तासांत दोनदा घेऊ नये. ताठरता उतरली नाही तर प्रश्न २२ पहा.

१६. शॉकवेव्ह आणि पीआरपीच्या जाहिराती येतात. कायमचा इलाज होतो का?

कायमच्या इलाजाचे आश्वासन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. कमी तीव्रतेच्या ध्वनिलहरींनी, म्हणजे शॉकवेव्हने, सौम्य, रक्तवाहिन्यांशी निगडित अडचणीत काही पुरुषांना फायदा झाल्याचे अभ्यास आहेत; पण फायदा किती आणि किती काळ टिकतो, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही आणि अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना या उपचाराला अजून प्रायोगिकच मानते. पीआरपी (रुग्णाच्याच रक्तातून काढलेला बिंबाणूयुक्त द्रव टोचणे) आणि स्टेम सेल (मूळ पेशी) यांचा पुरावा त्याहून तोकडा आहे. शेत गहाण टाकून घ्यावेत असे हे उपचार नाहीत.

१७. इम्प्लांट म्हणजे काय? ते बसवल्यावर संवेदना राहते का?

शिश्नाच्या दोन्ही कोषांत कायमस्वरूपी दांड्या बसवण्याची ही शस्त्रक्रिया आहे. लवचीक दांड्यांच्या प्रकारात शिश्न सतत ताठ असते आणि वाकवून ठेवता येते. तो स्वस्त आहे, भारतात बनलेला मिळतो आणि त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. फुगवण्याच्या प्रकारात अंडकोशातील छोटा पंप दाबल्यावर द्रव आत जातो आणि काम झाल्यावर परत सोडता येतो. तो नैसर्गिक वाटतो, पण खर्च कितीतरी पटीने जास्त असतो आणि काही वर्षांनी यंत्र बदलावे लागू शकते. १९७३ पासून हा प्रकार वापरात आहे.

त्वचेची संवेदना, परमोच्च सुख आणि वीर्यस्खलन आधी होते तसेच राहते. इच्छा वाढत नाही, लांबी वाढत नाही. योग्य रुग्णांत समाधानाचे प्रमाण सर्व उपचारांत सर्वाधिक आढळते. तरीही मी हा उपचार शेवटी ठेवतो, कारण तो परतीचा नाही : कोषातील ऊती बदलल्यामुळे इम्प्लांट काढल्यानंतर नैसर्गिक ताठरता किंवा गोळीचा उपयोग राहत नाही. संसर्ग झाला तर सहसा सगळे काढावे लागते, म्हणून आधी साखर नीट नियंत्रणात आणतात. निर्णयाच्या भेटीला पत्नीने सोबत असावे.

१८. टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन घेतले तर फरक पडेल का?

दोन वेगवेगळ्या सकाळी तपासलेले प्रमाण कमी, साधारण ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली, आले आणि सोबत इच्छा घटणे, थकवा अशी लक्षणे असतील तरच. प्रमाण योग्य असताना इंजेक्शन घेऊन ताठरता सुधारत नाही. ज्यांना मूल हवे आहे त्यांनी ते घेऊच नये, कारण बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनने शुक्रजंतूंची निर्मिती घटते, कधी पूर्ण थांबते. जिममध्ये मिळणाऱ्या ‘स्टेरॉइड’नेही हेच होते.

१९. रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यापासून त्रास आहे. ती बंद करू का?

बंद करू नका, बदलून घ्या. अॅटेनोलॉलसारखे जुने बीटा ब्लॉकर, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या, नैराश्यावरील अनेक औषधे आणि केस गळण्यावर दिले जाणारे फिनास्टेराइड यांनी ताठरतेवर किंवा इच्छेवर परिणाम होऊ शकतो. बहुतेकांना पर्याय आहेत. नैराश्याचे औषध अचानक सोडणे विशेष धोक्याचे आहे, आणि न उपचारलेला रक्तदाब स्वतःच ताठरता बिघडवतो.

२०. लग्नाला चौदा महिने झाले, संबंध एकदाही पूर्ण झाला नाही. घरचे ‘गोड बातमी’ विचारतात. काय करावे?

दोघांचीही तपासणी करावी, एकट्याची नाही. कधी पुरुषाला धास्ती असते, तर कधी पत्नीच्या योनीमार्गाचे स्नायू भीतीने घट्ट आवळले जातात, तिला वेदना होतात, आणि त्यानंतर पतीची ताठरता जाऊ लागते. अशा वेळी फक्त पतीला गोळी देऊन काही साधत नाही. समुपदेशन (प्रश्न ५ पहा) आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची मदत यांनी यातील बहुतेक जोडपी सावरतात. वय वाढत असेल आणि मूल लवकर हवे असेल, तर वीर्य तपासून कृत्रिम गर्भधारणेचा सोपा मार्ग दरम्यान घेता येतो. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घेतल्याने होणाऱ्या बाळात व्यंग येते, ही भीती निराधार आहे.

२१. माझे मिस्टर या विषयावर बोलायलाच तयार नाहीत. मी काय करू?

अंथरुणात, प्रयत्न फसल्यावर लगेच हा विषय काढू नका. बाहेर चालताना किंवा प्रवासात, समोरासमोर नजर नसताना बोलणे पुरुषांना सोपे जाते. ‘तुम्हाला काय झाले आहे’ याऐवजी ‘मला तुमच्या तब्येतीची काळजी वाटते, आपण साखर आणि हृदय तपासून घेऊ’ असे म्हणता येईल. प्रश्न ८ पाहता हे निमित्त नसून वस्तुस्थिती आहे. तुमचे वय झाले, तुम्ही आकर्षक राहिला नाहीत, किंवा त्यांचे बाहेर काही आहे, असे निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. टाळाटाळीमागे बहुधा शरम असते. पहिल्या भेटीला तुम्ही एकट्या गेलात तरी चालते.

२२. ताठरता उतरतच नाही, दुखू लागले आहे. सकाळपर्यंत थांबू का?

थांबू नका. उत्तेजना संपूनही ताठरता चार तासांहून अधिक राहिली, तर ती तातडीची अवस्था आहे, कारण अडकलेल्या रक्तातील प्राणवायू संपून ऊती मरू लागतात आणि उशीर झाल्यास ताठरता कायमची जाऊ शकते. इंजेक्शननंतर हे अधिक संभवते, गोळीने क्वचित. मध्यरात्र असली तरी युरोलॉजिस्ट बोलावता येईल अशा मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे आणि कोणते औषध, किती, किती वाजता घेतले ते सांगावे. तेथे सुईने रक्त काढून आणि वाहिन्या आखडवणारे औषध देऊन ताठरता उतरवतात.

एक अपवाद आपल्या जिल्ह्यापुरता मुद्दाम नोंदवतो. सुरगाणा, पेठ यांसारख्या आदिवासीबहुल भागांत सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो, आणि त्या रुग्णांना कोणतेही औषध न घेताही अशी वेदनादायक ताठरता येऊ शकते, कधी किशोरवयातच. घरात कोणाला सिकलसेल असेल, तर ताठरतेची कोणतीही गोळी किंवा इंजेक्शन घेण्याआधी ते डॉक्टरांना सांगावे, आणि मुलाने ‘तिथे दुखते, उतरत नाही’ असे सांगितले तर त्याला रागावू नये. त्याच रात्री गाडी काढावी.